वाजवणाऱ्यांची पंगत

असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन स्कॉटिश पलटणी होत्या. असई आज जालना जिल्ह्यात येते, टेंभुर्णीकरांच्या जवळच्याच मुलखात. लढाईच्या वेळी पलटणीच्या वाजंत्र्यांना हुकूम सुटला की जखमींना उचलून मागे शल्यवैद्यांकडे पोचवा. ७८व्या पलटणीतल्या एका बॅगपाइपवाल्याला वाटलं, हा हुकूम आपल्यालाही लागू आहे. त्यानं वाद्य बाजूला ठेवलं आणि जखमींच्या कामाला लागला. काम पुण्याचं, पण सोबत्यांनी त्याला नंतर फैलावर घेतलं. बासरीवाले, सनईवाले मागे गेले तर चालेल, पण पाइपवाल्यानं आघाडी सोडायची म्हणजे काय! बिचारा खजील झाला. दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, वऱ्हाडातल्या अडगावच्या लढाईत तो असा काही वाजवू लागला की शिपायांना वेळेआधी तुटून पडण्यापासून आवरणं मुश्किल झालं. डेव्हिड स्ट्यूअर्टनं हायलंडर पलटणींच्या इतिहासात हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. किस्सा गमतीचा आहे, पण त्यातला प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. वाजवणाऱ्याची जागा कुठे? पुढे की मागे, आत की बाहेर, पहिल्या पंगतीत की शेवटच्या?

टेंभुर्णी म्हटलं की पुष्कळांना पुणे-सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी आठवतं. हे ते नव्हे. हे असईजवळचं, जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातलं. इथल्या माणसाला मुंबई आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत नेली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पुरता खुला झाला. दवाखाना, मंत्रालय, मुलाची परीक्षा, नातेवाइकाचं लग्न ही मुंबईला जाण्याची मान्य कारणं. कुणी म्हणालं की मी एक संध्याकाळ जॅझ ऐकायला, दोन पावलं नाचायला आणि त्याच टेबलावर जेवायला चाललो आहे, तर लोक त्याच्या तोंडाकडे पाहतील. आणि पहिला सवाल येईल, मोबाइलवर सगळं मिळत असताना एवढं भाडं कशाला घालवायचं? सवाल रास्त आहे. माझं म्हणणं असं की मोबाइलवर संगीत मिळतं, ती खोली मिळत नाही. जॅझ हे वाजवणारा, नाचणारा आणि जेवणारा एका छपराखाली असताना वाढलेलं संगीत आहे. मुंबईत ते बहरलं तेव्हा ही तिघं एकत्र होती, आणि ती वेगळी झाल्यावर ते आटलं. शहरात जाऊन पाहायची ती ही खोली. संगीत तर अर्धंअधिक आपल्या गावात केव्हाच येऊन बसलेलं आहे.

'गावात येऊन बसलेलं' हे जरा सोडवून सांगायला हवं. जालन्याला कंपनी सरकारची लष्करी छावणी होती. अशा छावण्यांतून आणि पुढे संस्थानिकांच्या दरबारांतून पितळी वाद्यांचे बँड देशभर पसरले आणि होता होता लग्नाच्या मांडवापर्यंत आले. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, क्वचित सॅक्सोफोन, साइड ड्रम, मोठा ढोल, हातात खुळखुळे आणि अंगात झालरीचा लाल कोट ही मूर्ती मराठवाड्यात कुणाला अनोळखी आहे? तिकडे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरातही लष्करी थाटाचे असेच पितळी बँड होते. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या हाती ती वाद्यं आली आणि त्यांनी ती आपल्या चालीनं, आपल्या ठेक्यानं वाजवायला घेतली. तिथे बँड रस्त्यानं निघाला की मागून नाचत येणाऱ्या लोकांच्या रांगेला 'सेकंड लाइन' म्हणतात. आपण तिला वरात म्हणतो. अंत्ययात्रेला जाताना संथ चाल आणि परतताना उडती, ही त्यांची रीत आपल्याला नवी वाटेल, पण बँडमागे नाचणारा गाव नवा वाटणार नाही. दोन्हीकडे कूळ एकच, लष्करी. फरक पडला तो पुढे. न्यू ऑर्लिन्सचा वादक रस्त्यावरून खोलीत आला, तिथे त्याला थांबायला, चाल उलगडायला, मनातलं वाजवायला उसंत मिळाली. आपला बँडवाला रस्त्यावरच राहिला.

दुसरी वाट सिनेमाची. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, १९१८ साली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मले. गाणं शिकले ते विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीत. याच माणसानं १९५१ च्या 'अलबेला'त जॅझच्या ठेक्यांची आणि ट्रम्पेटची अशी पेरणी केली की ती गाणी खेड्यापाड्यांत लोकांच्या तोंडी बसली. त्यातला ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. मूळ नाव अंतोनिओ शाविएर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. अमेरिकेतल्या नामांकित जॅझ ट्रम्पेटवादकावरून लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'च्या पडद्यावर तो आपल्या बँडसकट दिसतोही. आणि त्या ठेक्यावर नाचणारा नट-दिग्दर्शक कोण, तर भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा. जन्म अमरावतीचा, जडणघडण मुंबईच्या गिरणगावातली. खांदे सैल, कोपरातून हात जरा वर, पाय जमिनीपासून फारसे न उचलता जागच्या जागी टाकलेली पावलं. हा नाच कुणाला शिकवावा लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत पन्नाशीचे गृहस्थ नाचतात तो हाच. पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आणि अमरावतीत जन्मलेला नाच्या यांनी मिळून जॅझ मराठी अंगात कधी मुरवलं, हे आपल्या लक्षातही आलं नाही. म्हणून टेंभुर्णीच्या माणसाचा कान जॅझला तयार नाही, हे मला मान्य नाही. नाव नवं असेल, ठेका ओळखीचा आहे.

आता मुंबईच्या खोल्यांकडे. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक सगळा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. हा वेदरफोर्ड पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं गेला. या अमेरिकनांचं ऐकून इथले वादक तयार झाले. रुडी कॉटन हे नाव लावणारा सॅक्सोफोनवादक मूळचा पारशी, कावसजी खटाव. ताजच्या बँडची धुरा मिकी कोरिया यांनी १९३९ पासून १९६० पर्यंत, एकवीस वर्षं सांभाळली. पण बहुतेक वादक गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे समोर कागद ठेवला की गोव्याचा पोरगा वाजवू लागे. मुंबईत उतरलं की तो धोबीतलावच्या कुडात राहायचा. कुड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली खोली: प्रत्येकाची एक पेटी, भिंतीशी वेदी, संध्याकाळी प्रार्थना. रात्री ताजमध्ये राजेमहाराजांना नाचवायचं आणि पहाटे येऊन त्या पेटीशेजारी अंग टाकायचं, असं आयुष्य. मराठी माणसाला हे दृश्य समजायला जड नाही. परळ-लालबागच्या गाळ्यांतले कोकणी गिरणी कामगार आपापल्या गावच्या खोल्यांत असेच राहत होते. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या २०१२ च्या पुस्तकामुळे हा इतिहास पुसता पुसता वाचला. मराठीत त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, याचं वाईट वाटतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही सगळी बड्यांची चैन होती. राजे, साहेब आणि शेठ लोक नाचत होते, बाकीचे फाटकाबाहेर. खरं आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाची प्रसिद्ध जागा होती. जॅझचा मोठा बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन तिथे १९२७ पासून काही वर्षं वाजवत होता. वादक, गायक, नर्तिका सगळ्या कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक फक्त गोरं. ज्यांचं संगीत त्यांना टेबल नाही. पण हे ऐकून आपण हळहळावं आणि पुढे जावं, इतके आपण निर्मळ आहोत का? आपल्या लग्नात बँडवाले कुठे जेवतात? हलगी, सनई, ढोल पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती राहिले त्या मातंग समाजाची पंगत किती काळ वेगळी बसली, किती गावांत अजून सगळ्यांत शेवटी बसते? जॅझ या अन्यायातून जन्मलं म्हणून ते बड्यांचं ठरत नाही. उलट टेबलाबाहेर ठेवलेल्यांनी टेबलावरच्यांना ऐकायला भाग पाडलं, हे त्याचं मोल आहे. लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करण्याआधी 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' असं लिहायचा. घेवड्याच्या लाल बियांची उसळ आणि भात, न्यू ऑर्लिन्सच्या गरिबांचं सोमवारचं जेवण. जगात एवढं नाव झालेला माणूस कागदावर आपली ओळख त्या ताटानं द्यायचा. पिठलं-भाकरीचा उल्लेख करून सही करणारा आपला एखादा बुवा माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप दारूचा. जॅझ, नाच, हॉटेल म्हटलं की बाटली आलीच, तेव्हा चांगल्या माणसांनी त्या वाटेला जाऊ नये. याला उत्तर मुंबईच्या इतिहासातच आहे आणि ते चकित करणारं आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून बंदी पुरती लागू झाली. आपल्या महामार्गांवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आजही 'परमिट रूम' असतं, ते त्याच परवान्यांच्या काळाचं लेणं. आता पाहा, चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, तिथल्या उपाहारगृहांत जॅझचा सुकाळ झाला तो नेमका याच बंदीच्या पन्नास-साठच्या दशकांत. गेलॉर्ड, बॉम्बेलीज, अस्टोरियातलं व्हेनिस, रिट्झ आणि ॲम्बॅसडर ही हॉटेलं, अशी ओळच्या ओळ. दारू विकून गल्ला भरता येत नव्हता, तेव्हा गिऱ्हाइकाला बसवून ठेवायला मालकांकडे दोनच गोष्टी उरल्या, चांगलं खाणं आणि जिवंत बँड. कॉलेजातली पोरंपोरी कॉफी-सँडविचवर तासन्‌तास बसत आणि बँड वाजला की उठून नाचत. १९५८ साली अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला, तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेला. म्हणजे जॅझला बाटली लागते हा समज टिकत नाही. त्याला लागतं ताट, खुर्ची आणि पाय टाकायला मोकळी फरशी.

मग ते संपलं कशानं? आवड बदलली, रॉक आलं, डिस्को आला, हे नेहमीचं उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. वादकांना सिनेमाच्या स्टुडिओत बरे पैसे मिळू लागले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशांच्या हातांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद घडला, पण तिथे ते काचेआड गेले, नाव पडद्यावरही नाही. दारूबंदी सैल झाल्यावर मालकाला बँडशिवाय कमाई होऊ लागली, असा माझा तर्क आहे. आणि मग आली भिंत. सरकारला गाणं चालतं, जेवण चालतं, नाचही चालतो. तिन्ही एकत्र आली की मात्र पोटात गोळा येतो. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली, सर्वोच्च न्यायालयानं ती २०१३ मध्ये रद्द ठरवली, मग २०१६ चा नवा कायदा आला. त्याच्या अटींत एक अशी की नाचाची जागा आणि बाकीचं हॉटेल यांच्यामध्ये भिंत हवी. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयानं ती अट काढून टाकली. डान्स बार आणि जॅझ क्लब एक नव्हेत, आणि बारमधल्या मुलींच्या शोषणाचा प्रश्न खोटाही नव्हता. पण शोषण थांबवायला मजुरी, सुरक्षा, करार यांचे कायदे लागतात. भिंत बांधून थांबतं ते फक्त दिसणं. उघड्या जागांचंही तेच झालं. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ साली पहिली जॅझ यात्रा झाली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला. पुढे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले, रुग्णालय आणि शाळा-कॉलेजाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि दोन्हींच्या मध्ये बसलेलं रंगभवन गप्प झालं. रुग्णाच्या झोपेपुढे गाणं मोठं नाही, हे कबूल. मात्र एक जागा बंद करताना दुसरी द्यायची असते, ते कुणाला सुचलं नाही.

तिसरा आक्षेप घरचा आहे. आपली लावणी काय वाईट आहे, म्हणून जॅझच्या मागे लागायचं? वाईट तर नाहीच. खोलीची कला आपल्याकडे कुणी जपली असेल तर संगीत बारीनं. मोडनिंब, जामखेड, चौफुला, पुण्याचं आर्यभूषण थिएटर इथे पार्ट्या आळीपाळीनं, म्हणजे बारी-बारीनं मंचावर येतात आणि नंतर बैठक रंगते. बाई बसून अदा करते, ढोलकीवाला तिच्या भुवईवर डोळा ठेवून असतो आणि समोरच्या माणसाच्या दादेवर पुढची ओळ वळते. जॅझच्या छोट्या खोलीत हेच चालतं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक जण आपली बारी घेतो, चालीच्या चौकटीत राहून मनातलं मांडतो. शेवटाकडे सॅक्सोफोन चार मात्रांचे चार घास टाकतो आणि ड्रमवाला तेवढ्याच घासांत उत्तर देतो. सवाल-जवाब पाहिलेल्या माणसाला इथे दुभाषा लागत नाही. एकाची बारी संपली की मधेच टाळी द्यायची, शेवटाची वाट पाहायची नाही, एवढी एकच रीत आधी ठाऊक असलेली बरी. म्हणजे लावणी की जॅझ हा झगडाच खोटा आहे. दोघींचं दुखणं एक: समोर बसणारा माणूस गेला आणि रेकॉर्ड आली.

मुंबईत आता काय उरलं आहे, असं कुणी विचारेल. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, ३० एप्रिलचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवसही असतो. आवाज उत्तम, पण खुर्च्या रांगेत आणि अंधारात, ताट नाही, नाच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्यावर थांबू नये असं मला वाटतं. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ साली सुरू झालेला ब्लू फ्रॉग चांगला जम बसवून २०१६ मध्ये बंद पडला. गिरणीच्या जागेत क्लब, यातला कडवटपणा गिरणगावाला वेगळा सांगायला नको. छोट्या खोल्या उघडतात आणि मिटतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी हे उत्तम. मात्र धोबीतलाव जागेवर आहे. सीएसएमटीला उतरून पायी जाता येईल एवढ्यावर. १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान फुर्टाडोज, काचेआड ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट मांडलेलं; १९०४ पासूनची इराणी बेकरी कयानी, तिची संगमरवरी टेबलं, ब्रून मस्का आणि बशीत सांडणारा चहा; समोर मेट्रो सिनेमा, मागच्या गल्ल्यांत कुडांच्या पाट्या, पलीकडे मुकं रंगभवन. जालन्याच्या एखाद्या बँडमास्तरानं फुर्टाडोजच्या काचेसमोर उभं राहावं आणि मग कयानीत बसून चहा घ्यावा. पंचाहत्तर वर्षांपूर्वी गोव्याची पोरं याच रस्त्यावर काम शोधत फिरत होती.

खर्चाचा मुद्दा राहिला. कापसाला भाव नाही, मोसंबीच्या बागा पाण्याअभावी तोडाव्या लागतात, अशा भागात रेल्वेभाडं आणि वरचं जेवण ही थट्टा वाटू शकते. पण याच भागात लग्नाच्या एका रात्रीसाठी डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या दणक्यानं म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते, आणि तो खर्च कुणाला थट्टा वाटत नाही. पैसा नाही असं नव्हे. तो माणसाकडून यंत्राकडे वळला आहे. ज्याला मुंबईला जाता येईल त्यानं जावं, खोली पाहून यावी. ज्याला जमणार नाही त्याला एक करता येईल. या हंगामात टेंभुर्णीत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी डीजे न सांगता बँड सांगावा. वरात दारी आली की वाजवणाऱ्यांना निरोप न देता मांडवात घ्यावं, खुर्च्या द्याव्यात आणि क्लॅरिनेटवाल्याला त्याच्या मनचं अर्धा तास वाजवू द्यावं. ज्याला नाचायचं त्यानं नाचावं. आणि त्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडावीत.